वन्सं, मी आणि सारायेव्हो

तीस वर्षं नववी-दहावीला इतिहास शिकवला. त्यात दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहायचं असे : '२८ जून १९१४, साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून.' त्याखाली दोन रेघा, कारण परीक्षेला हमखास. या शहराचं नावच मी तीस वर्षं चुकीचं उच्चारत होते, हे कळायला निवृत्त होऊन चार वर्षं जावी लागली. त्यांच्या लिपीतला 'ज' हा 'य' असतो. सारायेव्हो. आता कुठे कुठे जाऊन दुरुस्त करणार?

माझी भाची, म्हणजे वन्संची मुलगी, नोकरीनिमित्त व्हिएन्नात असते. उन्हाळ्यात महिनाभर आम्ही दोघी तिच्याकडे होतो. वन्सं सत्तरीच्या, मी बासष्टची. व्हिएन्नातले राजवाडे बघून बघून वन्सं एके दिवशी म्हणाल्या, "वहिनी, आता आणखी झुंबरं नकोत. डोंगर असलेलं काही बघू." आम्ही साताऱ्याच्या. डोळ्यांसमोर अजिंक्यतारा नसेल तर दिशा सापडत नाहीत. भाचीने बोस्नियाच्या राजधानीचं, सारायेव्होचं, चार रात्रींचं तिकीट काढून दिलं. आमचे शेंगेन व्हिसे पुन्हापुन्हा आत-बाहेर करता येणारे होते, त्यावर बोस्नियात प्रवेश मिळाला. तिला रजा नव्हती. "मामी, आईला उन्हात फार चालवू नकोस," एवढीच ताकीद.

पहिला दिवस

विमान तासाभराचंच. उतरताना दोन्ही खिडक्यांतून डोंगर दिसतात, आणि विमानतळ अगदी पायथ्याला. एका अंगाला इग्मान, त्यामागे २०६७ मीटरचा ब्येलाश्नित्सा, पलीकडे त्रेबेविच. जूनचा दुसरा आठवडा, तरी वर कुठेतरी पांढरा पट्टा दिसला. ढग असेल असं मी म्हटलं, वन्सं बर्फच म्हणाल्या. वाद मिटला नाही.

टॅक्सीवाल्याने बहुधा दुप्पट घेतले. साताऱ्याच्या स्टँडवर उतरणाऱ्या परगावच्या माणसाचं काय होतं ते आठवून गप्प बसले.

खोली व्रात्निक नावाच्या जुन्या वस्तीत, चढावर होती. घरमालकीणबाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांना थोडं जर्मन, थोडं इंग्रजी. मला इंग्रजी, वन्संना नुसत्या खाणाखुणा. तिघींचं जमलं. बाल्कनीत पाण्याचे जुने प्लास्टिकचे कॅन कापून त्यांत जिरेनियम लावलेले होते, पाच-सहा तरी असतील. कुंड्या विकत घ्यायच्या सोडून हे काय, असं मनात आलं. ते तिथेच राहिलं.

संध्याकाळी खाली बाजारात उतरलो. सगळीकडे एक वास भरून होता, मधासारखा, थोडा चंदनाकडे जाणारा. लिंडनचा बहर. तिथे त्याला 'लिपा' म्हणतात. जूनमध्ये हे शहर त्या वासातच असतं. झाडं मात्र लहानखुरी, एका कवेत येतील अशी. इतक्या जुन्या गावात झाडं अशी कोवळी कशी, हेही तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

जुन्या बाजाराचं नाव बाशचार्शिया. पंधराव्या शतकात तुर्कांनी वसवलेलं गाव, नावातच तुर्की 'सराय' आहे. आपल्याकडे तीच सराई झाली, फक्त राजवाड्याची धर्मशाळा होऊन. लाकडी दुकानांची बैठी रांग, मध्ये 'सेबिल' नावाची लाकडी पाणपोई, भोवती कबुतरांचा मेळा. इथलं पाणी प्यायलेला माणूस पुन्हा येतो म्हणतात. वन्संनी बाटलीच भरून घेतली.

गाझी हुस्रेव बेगची मशीद १५३१ची. तिच्या शेजारच्या घड्याळाच्या मनोऱ्यासमोर आम्ही अडलो. माझ्या मनगटावर सव्वासात, मनोऱ्यावर पावणेअकरा. "बंद पडलंय," वन्संनी निकाल दिला. पण काटा हलत होता. एका दुकानदाराने समजावलं : हे घड्याळ सूर्यास्ताला बारा वाजवतं. तिथून नवा दिवस मोजायचा. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून ते हाताने जुळवणारा माणूस आजही नेमलेला आहे. आपल्या घटिका सूर्योदयापासून मोजायच्या, यांचे तास सूर्यास्तापासून. वन्संना हे फार पटलं. त्यानंतर चारही दिवस त्या मला दोन-दोन वेळा सांगत राहिल्या, "आपल्या घड्याळात आठ, यांच्या घड्याळात..." आणि बोटांवर मोजायच्या.

दुसरा दिवस

ज्यासाठी आले होते तो कोपरा सकाळी आधी गाठला. मिल्याट्स्का नदी म्हणजे आपली वेण्णा उन्हाळ्यात असते तेवढीच, घोट्याइतकं तपकिरी पाणी. तिच्यावर दगडी कमानींचा लॅटिन पूल. पुलाच्या टोकाला चौक, भिंतीवर एक पाटी, कोपऱ्यावर छोटं संग्रहालय. झालं. इथे पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली.

वर्गात मी हे ऐटीत सांगायचे : युवराज फ्रान्झ फर्डिनांड आले, प्रिन्सिपने गोळ्या झाडल्या. प्रत्यक्ष जागेवर उभं राहिल्यावर त्यातला गोंधळ ध्यानात येतो. सकाळी याच नदीकाठच्या रस्त्यावर पहिला बॉम्ब पडला, तो युवराजाच्या गाडीवरून उसळून मागच्या गाडीखाली फुटला. तरी स्वारी नगरभवनात गेली, भाषणं झाली. परतताना जखमींना भेटायला सरळ इस्पितळात जायचं ठरलं, आणि हे ड्रायव्हरला सांगायचंच राहिलं. तो जुन्या बेताप्रमाणे या कोपऱ्यावर वळला. ओरडा झाल्यावर त्याने गाडी थांबवली, ती नेमकी एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या समोर. युवराज आणि त्यांची पत्नी सोफी दोघंही गेली. प्रिन्सिप वीस वर्षांचा नव्हता म्हणून फाशी टळली. एप्रिल १९१८ मध्ये तो तुरुंगात क्षयाने मेला. युगोस्लाव्हियाच्या काळात हा पूल त्याच्या नावाचा होता आणि फुटपाथवर त्याच्या पावलांचे ठसे होते. आता ठसे नाहीत आणि पुलाचं नाव पुन्हा लॅटिन. वीर की खुनी, हे अजून इथे कोणत्या घरात विचारता त्यावर आहे.

"एवढंच?" वन्संनी विचारलं.

"एवढंच."

दहा मिनिटं लागली. तीस वर्षांच्या फळ्याला दहा मिनिटं.

नदीकाठाने वर चालत गेलं की ते नगरभवन, वियेच्नित्सा. १८९६ची इमारत, ऑस्ट्रियनांनी बांधलेली. मुसलमान गावाला शोभेल म्हणून नक्षी मात्र थेट स्पेन-मोरोक्कोकडची. पुढे ते राष्ट्रीय ग्रंथालय झालं. मग युगोस्लाव्हिया फुटून इथे युद्ध पेटलं. ऑगस्ट १९९२ मध्ये समोरच्या डोंगरांवरून सर्ब फौजांनी त्यावर आगीचे गोळे टाकले. लाखो पुस्तकं जळाली, जळक्या पानांची राख शहरावर पडत राहिली. आता इमारत पुन्हा उभी आहे, २०१४ मध्ये उघडली. रंगीत काचांचं छत इतकं कोरं करकरीत, की मला उलट अस्वस्थ वाटलं. पुस्तकं काही परत बांधता येत नाहीत.

पलीकडच्या काठावर 'इनात कुचा', म्हणजे हट्टाचं घर. नगरभवनाच्या जागेवर एका म्हाताऱ्याचं घर होतं. तो हटेना. शेवटी मोहरांची थैली घेतली आणि वर अट घातली की माझं घर वीट न वीट उचलून नदीपलीकडे तसंच उभं करा. गोष्ट खरी किती ते सोडा. 'इनात' या शब्दाचं नेमकं मराठी सापडेना. हट्ट नव्हे, जिद्द नव्हे. "नाक कापून अपशकुन करण्याच्या अलीकडचं काहीतरी," वन्सं म्हणाल्या, आणि आमच्या भावकीतल्या एका गृहस्थांचं नाव घेतलं. बरोबर तेच.

दुपारी काझांजिलुक, तांबटांची गल्ली. पुण्याच्या तांबट आळीत येतो तोच ठोक्यांचा आवाज. एक कारागीर कॉफीच्या भांड्यावर नक्षी उठवत होता. वन्संनी ते भांडं हातात घेऊन उजेडाला धरलं, बोटाने मठारकाम तपासलं आणि परत ठेवलं. त्या माणसाने लगेच ओळखलं की बाईला तांब्यातलं कळतं. दुसरं, जास्त चांगलं आतून काढलं. दोघांना एकमेकांचा एकही शब्द येत नव्हता. अर्धा तास सौदा चालला.

शब्द येत नव्हता म्हणते, पण येत होते की! दुकानाला ते 'दुचान' म्हणतात. मोहल्ल्याला 'महाला', मैदानाला 'मेइदान', खबरीला 'हाबेर', तव्याला 'तावा', शत्रूला 'दुश्मान'. फारसी-अरबी शब्द तुर्कांबरोबर इकडे आले आणि सुलतानांबरोबर आपल्याकडे, मध्ये हजारो किलोमीटर. वेटरला द्यायची टीप म्हणजे 'बाकशिश'. सगळ्यात मजा 'कुसुर'ची. आपल्याकडे तो दोष, कमीपणा. इथे कुसुर म्हणजे परत मिळणारे सुटे पैसे. वन्सं प्रत्येक दुकानात हात पुढे करून मोठ्याने "कुसुर!" म्हणू लागल्या. लोक खूश.

जेवणाचं सांगायचं तर चेवापी, म्हणजे पावात घातलेले खिम्याचे छोटे कबाब, आम्हा शाकाहाऱ्यांच्या कामाचे नाहीत. पण पातळ कणकेच्या गुंडाळ्या मिळतात. पालकाची झेल्यानित्सा, चीजची सिर्नित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. या सगळ्यांना मिळून 'पिता' म्हणायचं. 'बुरेक' फक्त मांसाची. चीजचा बुरेक मागितलात तर इथला माणूस, साताऱ्यात कोणी 'पनीरचे कंदी पेढे' मागावेत तसा बघतो. क्रोम्पिरुशावर आम्ही चार दिवस काढले.

परतताना कॅथेड्रलसमोरच्या फरसबंदीत लाल डाग दिसले, फुलाच्या पाकळ्यांसारखे पसरलेले. तोफगोळा पडून माणसं मेली तिथले खड्डे लाल रंगाच्या राळेने भरले आहेत. त्यांना 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. थोडं पुढे मार्काले मंडई. चेरीचे ढीग लागलेले, अर्धा किलो घेतल्या. मागच्या भिंतीवर नावं होती. ५ फेब्रुवारी १९९४ला याच मंडईत एका गोळ्याने ६८ माणसं गेली. भाजी घ्यायला आलेली. चेरी गोड होत्या, त्या आम्ही खोलीवर जाऊन खाल्ल्या. तिथे उभ्याने खाववेनात.

तिसरा दिवस

त्रेबेविचवर जायला केबल कार आहे. १९५९ची, युद्धात संपली आणि ६ एप्रिल २०१८ला पुन्हा सुरू झाली. सातेक मिनिटांत शहर पायाखाली जातं. लाल कौलं, मिनार, चर्चचे मनोरे, आणि डोंगरउतारांवर पांढरेशुभ्र दगड, खूप. आधी मला ती घरंच वाटली. कबरी होत्या.

निघताना घरमालकीणबाईंनी बजावलं होतं, "पायवाट सोडू नका." आता सुरुंग काढले आहेत, पण त्यांची सवय जात नाही.

वर पाइनचं रान आहे, आणि रानातून जाणारी सिमेंटची वळणदार घसरगुंडी. १९८४च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेला बॉबस्लेचा मार्ग. त्या फेब्रुवारीत हे शहर जगाचं लाडकं होतं. युरे फ्रान्को नावाच्या पोराने युगोस्लाव्हियाला हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं पदक, रौप्य, मिळवून दिलं, तर लोकांनी घोषणा केली : 'आम्हाला बुरेकपेक्षा युरेक प्यारा!' आठ वर्षांनी त्याच सिमेंटच्या भिंतींआड तोफा लागल्या. भिंतीत पाडलेली भोकं अजून दिसतात. आता सगळ्यावर पोरांनी रंगवलेली चित्रं, आणि फटींतून उगवलेल्या रानस्ट्रॉबेरी.

घसरगुंडीच्या पुढे एका उघड्यावर आम्ही बसलो. शहर ताटात वाढल्यासारखं समोर. नदी, ट्रामचा रस्ता, काल पाहिलेली मंडई, नगरभवन. व्रात्निकच्या चढावरची आमची बाल्कनीसुद्धा बहुतेक दिसत होती.

माझं माहेर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. तटावरून आमची गच्ची दिसायची, आई कपडे वाळत घालताना दिसायची. लहानपणी आम्ही वरून हाका मारायचो. किल्ला वर, गाव खाली, म्हणजे गाव सुरक्षित, हे न शिकवता कळलेलं होतं. शिकवलं तेही तसंच : १६९९च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः खाली तळ देऊन बसला, वर प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिने गड झुंजवला. आपल्या इतिहासात वेढा म्हटला की चित्र ठरलेलं असतं. शत्रू खाली, आपण वर. डोंगर आपल्या बाजूचा.

इथे ते उलटं होतं. डोंगर ज्यांच्या हाती, त्यांनी खालच्या गावाला वेढलं. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, १४२५ दिवस. सुमारे साडेअकरा हजार माणसं गेली. आणि वरच्याला खालचा किती स्पष्ट दिसतो, ते मला वाचून समजलं नसतं. मंडईत कोण पिशवी घेऊन चाललंय, तेही दुर्बिणीतून दिसत असेल. आई कपडे वाळत घालताना दिसायची, तितकं.

मी हे वन्संना सांगितलं नाही. त्या स्ट्रॉबेरी वेचत होत्या.

दोनच्या सुमारास ब्येलाश्नित्साकडून काळं भरून आलं. जूनमध्ये दुपारी असं होतंच म्हणे. गडगडाट, मग गारा. केबल कार थांबली. स्टेशनाच्या छपराखाली शाळेच्या सहलीची तीस-चाळीस पोरं आणि आम्ही दोघी तासभर अडकलो. पोरं गाणी म्हणत होती. एका मुलीने वन्संची नऊवारी निरखून काहीतरी विचारलं. वन्संनी मराठीतून उत्तर दिलं, "नऊ वार, बाळा." दोघींचंही समाधान झालेलं दिसलं.

रात्री घरमालकीणबाईंनी कॉफी केली. तांब्याच्या 'जेझ्वा'मध्ये उकळलेली, गाळ तळाशी, बाजूला साखरेचा खडा. मी अखेर कॅनचं विचारलं. वेढ्यात नळ बंद होते. बिअरच्या कारखान्यात स्वतःचे झरे आहेत, तिथे पाणी मिळायचं. हे कॅन घेऊन त्या उतरून जायच्या, रांग लावायच्या, भरून चढ चढायच्या. पंचविशीच्या होत्या. रांगेवरही गोळे पडायचे. "टाकून का नाही दिले?" मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "इनात," म्हणाल्या.

आणि झाडं? पहिल्या हिवाळ्यात सरपणाला गेली. रस्त्यावरची, बागांतली. मग बाकं, मग पुस्तकं. आज ज्याचा वास येतोय ती पुष्कळशी लिंडन नंतर लावलेली.

चौथा दिवस

एकादशी. व्हिएन्नाहून राजगिऱ्याचे लाडू आणलेच होते, शिवाय उकडलेले बटाटे आणि चेरी. चेरी उपासाला चालते का, यावर सकाळी चर्चा. परदेशी फळ, पुराणात निषेध नाही, म्हणून चालते.

ट्रामने इलिजापर्यंत गेलो. इथे विजेची ट्राम १८९५पासून आहे. शेवटच्या स्टॉपवरून साडेतीन किलोमीटरची झाडांची सरळ वाट, शेवटी बोस्ना नदीचा उगम. इग्मानच्या पायथ्यातून पाणी नुसतं उमलून वर येतं, बर्फासारखं गार. वन्सं टांग्यातून गेल्या, मी चालत. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या मंदिराची आठवण झाली, फक्त इथे देव नाही, बदकं आहेत. वन्संनी तरी हात जोडले.

तिथून जवळच, विमानतळाच्या कडेला, बोगदा. विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात, त्याच्या अलीकडे वेढलेलं शहर, पलीकडे मोकळा मुलूख. धावपट्टीवरून पळणारे टिपले जायचे. मग १९९३ मध्ये धावपट्टीच्या खालून बोगदा खणला, सुमारे ८०० मीटर, कुदळ-फावड्याने. एक मीटर रुंद, जेमतेम १.६ मीटर उंच. एका साध्या घराच्या पोटातून तो निघे. अन्न, औषधं, दारूगोळा, जखमी, सगळं यातून. आता वीसेक मीटरच उघडा आहे. माझ्यामागचा उंच जर्मन माणूस कमरेत वाकून चालला होता. पाच फुटी वन्सं ताठ मानेने गेल्या. "माझ्या मापाचाच केलाय," म्हणाल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या त्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, मार्च १९९२ ते मार्च १९९३. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. सुरुवातीला त्यांचं मुख्यालय सारायेव्होतच होतं. वन्संचे धाकटे दीर त्याच रेजिमेंटमध्ये सुभेदार होते, त्यामुळे नंबियारसाहेबांचं नाव घरात ऐकलेलं. "म्हणजे आपली माणसं इथे होती," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "तरी असं झालं." शांतिसेनेला शांतता राखायला पाठवतात, ती आधी कुठेतरी असावी लागते. मी मान हलवली.

परत आल्यावर उजेड होता, म्हणून घरामागच्या पिवळ्या बुरुजावर गेलो. झुता ताबिया. सूर्यास्त बघायला अर्धं गाव जमतं. बिया फोडणारी पोरं, बाबागाड्या, थर्मास. साडेआठला सूर्य डोंगराआड गेला. खाली एकेक मिनार उजळला, अजानची हाक कमी-जास्त वेळाने सगळीकडून आली. मधेच एका चर्चची घंटाही वाजली. "बारा वाजले," वन्सं म्हणाल्या.

निघताना

सकाळचं विमान. बॅगेत तांब्याचं भांडं, वन्संच्या पर्समध्ये सेबिलच्या पाण्याची बाटली. ती विमानतळावर काढून घेतील हे मी चारदा सांगितलं होतं.

घरमालकीणबाई फाटकापर्यंत आल्या. जिरेनियमना पाणी घालत होत्या, हातात तसलाच एक जुना कॅन. टॅक्सी सुटली आणि त्यांनी कॅन तिरका करून आमच्या मागे रस्त्यावर पाणी ओतलं. वन्संनी वळून पाहिलं.

"अगं बाई, सांडलं त्यांचं!"

ड्रायव्हर हसला. प्रवासाला निघालेल्याच्या मागे असं पाणी टाकतात, म्हणाला, वाट सोपी व्हावी म्हणून.

वन्सं बराच वेळ मागे बघत होत्या. मग पर्समधली बाटली काढून झाकण उघडलं आणि विमानतळ येईपर्यंत आम्ही दोघींनी ती संपवली.